कोलंबस (इंडियाना) आणि शिकागो : आधुनिक अमेरिकन इमारती कशा पाहाव्यात?

चित्रकला_बाई

नमस्कार मंडळी,

मुलगी आणि जावई कोलंबसला असतात. ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियानातलं छोटं. मुलगी पुण्यात कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत होती, तिथूनच तिकडे गेली. येत्या मेपासून ऑगस्टपर्यंत तिच्याकडे मुक्काम आहे, आणि जाताना शिकागोला जावयाच्या बहिणीकडे थोडे दिवस थांबायचं आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. मुलांना वाडा काढायला सांगितला की मला सगळं समजावून सांगता यायचं. देवडी कुठे, चौक कशासाठी, तुळई कुठल्या भिंतीवर टेकली आहे. मागच्या महिन्यात लेकीने तिथल्या एका चर्चचा फोटो पाठवला. षटकोनी छप्पर आणि मधोमध निमुळता होत गेलेला खूप उंच कळस. फोटो बघून चित्र काढलं, बरं उतरलं. पण छप्पर असंच का, आणि ते उभं कशावर आहे, ते काही कळेना.

तेव्हापासून मनात आहे की तिकडे एक वही करायची. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर मराठीत चार ओळी. वाचणारा आर्किटेक्ट नसेल, माझ्या भिशीतल्या मैत्रिणी आणि जुने विद्यार्थी असतील. सचित्र पुस्तकं चाळली. काहींत नुसते गुळगुळीत फोटो, तर काहींत दर ओळीला एक परिभाषा. सुरुवात कुठून करू? नेमकं काय बघू? गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, तेही लक्षात घ्या.

भाऊ_सांगलीकर

ताई, तुम्ही अगदी योग्य गावी येताय. मी सांगलीला सिव्हिल केलं, पुढे स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आलो, आणि या गावात बरीच वर्षं राहतोय. पाहुणे आले की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी. दर्शनी बाजू काढू नका, सेक्शन काढा. इमारत वरपासून खालपर्यंत मधोमध कापली तर आत काय दिसेल, ते चित्र. आधुनिक इमारतीचा फोटो बघून बहुतेकांना वाटतं, नुसता काचेचा डबा तर आहे. कारण फोटोत तोंडवळा येतो, आणि या इमारतींनी तोंडवळा मुद्दाम साधा ठेवलाय. वजन कुठून खाली उतरतं आणि उजेड कुठून आत येतो, हे दोन प्रश्न सेक्शनमध्ये लगेच सुटतात. तुळई कुठे टेकली हे तुम्ही मुलांना दाखवत होतात ना, तेच इथे करायचं.

लेकीने फोटो पाठवलेल्या चर्चपासूनच सुरू करा. नॉर्थ ख्रिश्चन चर्च, एरो सारिनेन या आर्किटेक्टचं. तो 1961 साली एक्कावन्नाव्या वर्षी गेला आणि हे 1964 ला पुरं झालं. कळस 192 फूट. आता त्याचा सेक्शन मनात काढा. षटकोनाच्या सहा कोपऱ्यांतून पोलादी बरगड्या वर चढतात आणि मध्यावर एकत्र येऊन कळस होतात. म्हणजे कळस छपरावर आणून बसवलेला नाही, छप्परच वर जात जात कळस झालंय. चर्च म्हटलं की वर्गखोल्या लागतात, स्वयंपाकघर लागतं, सभेची खोली लागते. ते सगळं त्याने खालच्या मजल्यावर ढकललं, भोवती मातीचा उतार केला, आणि वर फक्त प्रार्थनेची जागा ठेवली. तुम्ही आत शिराल तेव्हा छप्पर डोक्याच्या बरंच जवळ असेल आणि उजेड कमी असेल. मग मधल्या दालनात आलात की एकदम उंची मिळते. कळसाच्या बुडाशी एक गोल झरोका आहे, त्यातून उजेड मधल्या टेबलावर उतरतो आणि बाकं त्या टेबलाभोवती चहूबाजूंनी आहेत. तिथे जरा वेळ बसा. डोळे सरावल्यावरच ती जागा कळते. मंडळी कमी होत गेली आणि चर्चची उपासना 2022 मध्ये थांबली. वास्तू आता इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे, त्यामुळे आत कधी सोडतात ते विचारूनच जा.

दुसरं पान फिफ्थ स्ट्रीटसाठी ठेवा. इथे तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही, सगळं एका चौकाच्या आसपास आहे. एका बाजूला फर्स्ट ख्रिश्चन चर्च, 1942 सालचं, एरोचे वडील एलिएल सारिनेन यांचं. फिकट विटा, चुनखडीचा दगड, आणि मुख्य इमारतीपासून बाजूला उभा असलेला 166 फुटांचा चौकोनी मनोरा. नक्षी नाही, कमानी नाहीत. 1942 मध्ये या भागातल्या माणसाने चर्च म्हणून हे बघितलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा मी दर वेळी विचार करतो. समोर रस्त्यापलीकडे ग्रंथालय, आय. एम. पेई यांचं, 1969 चं. सत्तावीस वर्षांनी आलेल्या माणसाने वडीलधाऱ्या इमारतीचा मान ठेवला. वीट घेतली, उंची बेताची ठेवली, आणि मधे एक मोकळं पटांगण सोडलं. पटांगणात हेन्री मूरची ब्राँझची कमान आहे, वीस फूट उंच, हिरवट पडलेली. तिच्या खालून जाता येतं. ग्रंथालयात शिरलात की मान वर करा. छताचा वॉफल स्लॅब उघडाच ठेवलाय, चौकोनी खळगे दिसतात, प्लॅस्टर नाही, फॉल्स सीलिंग नाही. आपल्याकडे स्लॅब ओतला की तो झाकायची घाई असते. इथे शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, किती नीट केलं असेल ते काँक्रीटच्या कडांवरून कळतं. माझं हे गावातलं सगळ्यात लाडकं छत आहे.

तिथून दोन पावलांवर जुनी आयर्विन युनियन बँक, 1954 ची, पुन्हा एरो सारिनेन. त्या काळी बँक म्हणजे जाड दगडी खांब आणि पितळी जाळीमागचा कॅशियर. याने एकमजली काचेची खोली केली, छपरावर नऊ उथळ घुमट ठेवले, जाळ्या काढून टाकल्या आणि भोवती झाडं लावली. शेतावरून आलेल्या माणसाने दारात बिचकू नये, ही त्यामागची इच्छा. आता ती बँक नाही, कमिन्सचं कॉन्फरन्स सेंटर आहे, पण बाहेरून सगळं दिसतं.

आता तुमच्या मैत्रिणी विचारतीलच की पन्नास हजार वस्तीच्या गावात ही सगळी मोठी माणसं आली कशी. याचं श्रेय जे. आयर्विन मिलर यांना. कमिन्स कंपनी त्यांनी वाढवली. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा घाईघाईने उभ्या राहायला लागल्या. मिलर यांनी कंपनीच्या फाउंडेशनतर्फे शाळामंडळाला कळवलं, की आम्ही चांगल्या आर्किटेक्टची यादी देतो, त्यातला तुम्ही निवडा, त्याची फी आम्ही भरू. बांधकामाचा खर्च गावाचा, निवडही गावाची. पहिली शाळा 1957 मध्ये झाली, हॅरी वीज या आर्किटेक्टची. पुढे वॉशिंग्टनच्या मेट्रोची स्टेशनं केली तोच हा. मग ही पद्धत अग्निशमन केंद्रापर्यंत, पोस्टापर्यंत गेली. आज गावातल्या सात आधुनिक इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की पैसा फीवर घातला. आपल्याकडे सिमेंटला पैसे मिळतात, विचाराला मिळत नाहीत. नगरपालिकेची शाळा बांधताना आर्किटेक्टची फी हा वाचवायचा खर्च मानतात, आणि मग पुढची पन्नास वर्षं मुलं अंधाऱ्या वर्गात बसतात.

मिलर यांचं स्वतःचं घर वेगळं तिकीट काढून बघावं लागतं. 1957 चं, तेही एरो सारिनेनचंच, आतली सजावट अलेक्झांडर जिरार्डची, बाग डॅन कायलीची. तिथे पोलादाचे सोळा खांब आहेत, आडव्या छेदात अधिक चिन्हासारखे. छप्पर भिंतींवर नाही, या खांबांवर आहे. म्हणूनच खांबांच्या रेषेत छपरात काचेच्या लांब पट्ट्या सोडता आल्या. आत उभं राहिलं की उजेड कुठल्याच खिडकीतून येत नाही असं वाटतं, तो त्या पट्ट्यांतून येतो. दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीत चौकोनी खोलगट बैठक आहे, पायऱ्या उतरून बसायचं. तुम्हाला वाड्याचा चौक आठवेल, फक्त वर आकाश नाही. उशांचे अभ्रे उन्हाळ्याचे वेगळे, हिवाळ्याचे वेगळे. हे घर आता इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे आहे आणि तिकिटं लवकर संपतात, म्हणून तुम्ही निघण्याआधीच लेकीला बुकिंग करायला सांगा.

आणि हो, लेकीबरोबर तिच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या लॉबीत जा. इमारत केव्हिन रोशची. तिथे एका डिझेल इंजिनाचे सगळे भाग सुटे करून, आपापल्या जागेवरून जरा दूर सरकवून, हवेत टांगलेत. सेक्शन म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगायचं असेल तर आधी ते चित्र काढा.

वीट_आणि_चुना

भाऊंचा प्रतिसाद उत्तम. ताई, मी शिकागोत शिकले, आता पुण्यात प्रॅक्टिस करते. शिकागोसाठी माझी शिफारस एका इमारतीची आहे. बाकीचं जमलं तर.

मोनॅडनॉक बिल्डिंग. जॅक्सन आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तिचा उत्तरेचा अर्धा भाग 1891 चा, बर्नहॅम आणि रूट यांचा. सोळा मजले, तेही बाहेरच्या विटांच्या भिंतींवर. म्हणजे वाड्यासारखंच लोड-बेअरिंग. एवढं वजन पेलायचं म्हणून तळाला भिंत सहा फूट जाड आहे. तळमजल्याच्या खिडकीपाशी उभ्या राहा आणि काच भिंतीच्या किती आत आहे ते बघा, हात घालून मोजता येईल. मग त्याच फुटपाथवरून दक्षिणेला चालत जा. दक्षिणेचा अर्धा भाग दोनच वर्षांनी, 1893 मध्ये, दुसऱ्या आर्किटेक्टनी पोलादी सांगाड्यावर उभा केला. तिथे खिडक्या रुंद होतात, भिंती बारीक होतात. वीट तिथेही आहे, पण ती आता वजन घेत नाही, सांगाड्यावर नुसती बसली आहे. भाऊ म्हणतात तसे दोन सेक्शन शेजारी शेजारी काढा. गगनचुंबी इमारत जन्मली कशी, हे तुमच्या मैत्रिणींना त्या एका पानात कळेल.

वेळ उरला तर स्टेट स्ट्रीटवरची रिलायन्स बिल्डिंग, 1895 ची. सांगाडा आला की भिंतीची काच कशी झाली ते तिथे दिसतं. आणि जॉन हॅनकॉक सेंटर (2018 पासून नाव 875 नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू), शंभर मजली, बाहेरून मोठ्या तिरप्या कैच्या. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान या इंजिनिअरचं ते काम. वारा त्या तिरप्या पट्ट्यांनी अडवला म्हणून आत खांबांची दाटी करावी लागली नाही. काही फ्लॅटच्या खिडकीतून ती तिरपी पट्टी आडवी जाते, आणि तिथले लोक ती मिरवतात.

न्यूजर्सीकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाने न्यूयॉर्क टाळून अमेरिकेच्या इमारतींवर वही करावी हे मला पटत नाही. पार्क अव्हेन्यूवर एका ठिकाणी उभं राहिलं की दोन इमारती तिरप्या समोरासमोर दिसतात. लिव्हर हाउस, 1952, हिरवट निळी काच. आणि सीग्रॅम, 1958, मीस व्हॅन डर रो यांची, ब्राँझ आणि गडद काच. सीग्रॅम रस्त्यापासून मागे सरकली आहे, पुढे मोकळं दगडी पटांगण. एवढ्या महाग जागेवर प्लॉटचा मोठा भाग मोकळा ठेवणं ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. पुढे 1961 च्या नियमात शहराने असं पटांगण देणाऱ्या बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, द्यायला सुरुवात केली. आत पडदेसुद्धा तीनच ठिकाणी थांबतात: पूर्ण वर, निम्म्यावर, पूर्ण खाली. बाहेरून ओळ बिघडू नये म्हणून. ही शिस्त बघायला हवी.

भाऊ_सांगलीकर

@न्यूजर्सीकर, सीग्रॅमच्या पटांगणाबद्दल शंभर टक्के सहमत. ताईंना पुढे कधी जमलं तर जरूर जावं. पण त्या एका भेटीसाठी इथला आठवडा मोडू नये असं माझं मत आहे. सीग्रॅमचे आर्किटेक्ट मीस शिकागोत राहून शिकवत होते. त्यांचा क्राउन हॉल, 1956 चा, तिथेच आहे. आत एकही खांब नाही, छप्पर वरच्या चार मोठ्या पोलादी गर्डरना खालून टांगलंय. गर्डर छपराच्या वर उघडे दिसतात, म्हणजे सेक्शन बाहेर रस्त्यावरच उभा आहे. ताईंनी शिकागोत दुसरं काही बघायचं असेल तर मी हॅनकॉकच्या आधी हे सांगेन.

काचेच्या इमारतींबद्दल मात्र एक गोष्ट वहीत लिहाच. लिव्हर हाउसच्या काचा उघडत नाहीत, सगळी भिस्त एसीवर. तिथल्या हवेला, त्या काळच्या स्वस्त विजेला ते चाललं. तोच काचेचा पडदा आपण हिंजवडीत पश्चिमेच्या उन्हाला तोंड करून लावतो आणि मग दुपारी आतून ब्लाइंड्स ओढून दिवे लावतो. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण आपल्याच माणसांनी याचं उत्तर शोधलं होतं. आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपिअस या जर्मन आर्किटेक्टच्या हाताखाली शिकले. परत येऊन कानपूरच्या आयआयटीत त्यांनी उघडं काँक्रीट आणि वीट वापरली, सावलीचे जोडरस्ते दिले, वारा खेळायला वाट ठेवली. चार्ल्स कोरियांचं शिक्षण मिशिगन आणि एमआयटीचं, पण मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत त्यांनी प्रत्येक घराला दोन मजली उंचीची खोल गच्ची दिली, म्हणजे ऊन आणि पाऊस खोलीपर्यंत पोचायच्या आधीच अडतो. अमेरिकेहून काय घ्यायचं आणि काय तिथेच ठेवायचं, हे या दोघांना नेमकं कळलं होतं.

चित्रकला_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मोनॅडनॉकची दोन पानं आत्ताच आखून ठेवली आहेत. जावयाला मिलर यांच्या घराचं बुकिंग करायला सांगितलं.

एक शंका. काच काढायची कशी? विटांची भिंत, लाकडी कठडा हाताला सवयीचं आहे. काचेचं चित्र काढायला घेतलं की एकतर नुसते चौकोन होतात, नाहीतर समोरच्या झाडांचं प्रतिबिंब काढत बसते आणि इमारत हरवते.

भाऊ_सांगलीकर

ताई, दिवसा काच काढूच नका. सेकंड स्ट्रीटवर ‘द रिपब्लिक’ या वर्तमानपत्राची जुनी इमारत आहे, 1971 ची, मायरन गोल्डस्मिथ यांची. लांब, ठेंगणी, सगळी काच. दिवसा तिच्यात आकाश दिसतं आणि तुमची अडचण होते तशीच होईल. उन्हाळ्यात इथे नऊच्या पुढे अंधार पडतो. तेव्हा जा. आतले दिवे लागले की काच दिसेनाशी होते आणि छताची पातळ रेघ, बारीक खांब, आतली टेबलं, सगळं एकदम समोर येतं. पूर्वी तिथे छपाईचं पिवळं यंत्र होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना उद्याचा पेपर छापला जाताना दिसायचा. तोच उद्देश होता त्या काचेचा. आता तिथे इंडियाना विद्यापीठाचे आर्किटेक्चरचे वर्ग भरतात, त्यामुळे सत्र चालू असेल तर रात्री उशिरापर्यंत मुलं ड्रॉइंग बोर्डवर वाकलेली दिसतील.

आधी आतलं काढा, सगळ्यात शेवटी काचेच्या चौकटींच्या उभ्या रेघा बारीक निबाने ओढा. काचेला स्वतःची रेघ द्यायची गरज नाही. गाडी थेट समोर लावता येते आणि घडीची खुर्ची माझ्याकडे आहे, लेकीला निरोप ठेवायला सांगा, मी आणून देतो. डासांचं मलम मात्र जवळ ठेवा, नदी अगदी जवळ आहे.

वीट_आणि_चुना

भाऊ, फायर स्टेशन नंबर 4 राहिलं की! ताई, रॉबर्ट व्हेंचुरी यांचं, 1968 चं. पाण्याचे पाइप वाळवायचा मनोरा मधे, त्यावर मोठा 4 आकडा, आणि पुढच्या भिंतीवर थोड्याच भागात पांढरी चकचकीत वीट. भाऊंचा सेक्शनचा नियम इथे चालत नाही, ही इमारत समोरूनच काढायची. व्हेंचुरींचं म्हणणंच होतं की इमारतीने रस्त्यावरच्या माणसाशी पाटीसारखं सरळ बोलावं. मीसच्या नेमकी उलट बाजू. दोन्ही पानं वहीत शेजारी ठेवलीत तर मैत्रिणींना वाद घालायला मस्त विषय मिळेल.

भाऊ_सांगलीकर

बरोबर, ते मी गाळलं होतं. ते अजून चालू अग्निशमन केंद्र आहे, त्यामुळे ताई, दारासमोर खुर्ची मांडू नका. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आकडा नीट दिसतो.